साडेसोळा मिलिमीटरचा युरोप

कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियमबद्दल मी आजवर जे काही वाचलंय ते जवळजवळ सगळं ‘सुट्टीत मुलांना कुठं न्याल’ या जातीचं आहे. पत्ता, तिकीट, पार्किंग मिळतं का, शेवटी पाच चांदण्या. रील्स आहेत, त्यांत गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि मागं कसलंतरी उत्साही संगीत वाजतं. पण निवेदन असलेला, प्रकाशयोजना असलेला, ठरलेल्या क्रमानं पात्रं आत येणारा आणि बाहेर जाणारा असा पंचवीसेक मिनिटांचा एक खेळ पुण्यात 1998 पासून चालू आहे, आणि त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. दोन अंकी नाटकाचं लिहितात, वेब सिरीजच्या तिसऱ्या सीझनचं लिहितात. याचं का नाही? बहुतेक ते ‘खेळणं’ आहे म्हणून. खेळण्याला कोण कशाला समीक्षा लावेल!

मला ती लावावीशी वाटते, कारण तो खेळ खरंच चांगला आहे. आणि इतका चांगला आहे म्हणूनच त्यात काय नाही हे डोळ्यांत भरतं.

आधी चांगलं. तुम्ही जाता तेव्हा बाकं असलेल्या एका साध्या खोलीत बसवतात. समोर एक अख्खं शहर पसरलेलं असतं. घरं, रस्ते, उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर, डोंगर, डोंगरावर जाणारा रोपवे. रुळावरून गाड्या येतात: वाफेची, वेगाची, आणि उलटी लटकून धावणारी सुद्धा. ही लटकती गाडी जर्मनीत वुपरटाल नावाच्या शहरात 1901 पासून खरोखर धावते. नदीच्या वरून, खांबांना टांगलेली. सिग्नल बदलतात, गाडी थांबते, दुसरीला वाट देते. मग खोलीतले दिवे मंद होत जातात, संध्याकाळ होते, रात्र होते, आणि त्या शहरातल्या खिडक्या एकेक करून उजळायला लागतात. या क्षणी शेजारच्या बाकावरची मोठी माणसंही गप्प होतात, हे मी तिन्ही वेळा पाहिलंय. लहान मुलं मात्र तेव्हा बोलायला लागतात. ‘बाबा, त्या घरात कोण राहतं?’ असा प्रश्न एका मुलीनं विचारला होता आणि बाबांनी ‘कुणी नाही गं, प्लास्टिकचं आहे ते’ असं उत्तर दिलं होतं. प्रश्न जास्त बरोबर होता.

हे सगळं भाऊ जोशी नावाच्या एका माणसाच्या आयुष्यभराच्या हौसेतून उभं राहिलं. छंद हा शब्द आपण फार हलका वापरतो. रुळाचे तुकडे जोडणं, प्रत्येक सांध्याला वेगळी तार नेणं, एका गाडीनं दुसरीला मागून धडक देऊ नये म्हणून रूळाचे विजेच्या दृष्टीनं वेगळे विभाग पाडणं, पुढचा विभाग मोकळा असेल तरच मागच्याला वीज मिळेल अशी सोय करणं: खरी रेल्वे जी ‘ब्लॉक’ पद्धत वापरते तीच इथं हाताएवढ्या जागेत वापरावी लागते. त्यात धूळ हा मोठा शत्रू. चाकाला रुळातून वीज मिळते, मधे धुळीचा पापुद्रा आला की गाडी गचके खाते. पुण्याच्या धुळीत इतकी वर्षं हा खेळ रोज चालतोय, यात किती पुसापुशी असेल याचा विचार करा. कुठल्याही रंगभूमीवरच्या तालमीइतकी शिस्त आहे ही.

आता तक्रार. ते शहर कुठलं आहे?

नाव दिलेलं नाही, पण तोंडवळा युरोपचा आहे. उतरती छपरं, बर्फात घसरायला नेणारी लिफ्ट, लटकती रेल्वे, चौकातली टापटीप. मी पाहिलेल्या खेळांत मला त्या मांडणीत पाणीवाला दिसला नाही, डब्याच्या दारात बसलेला माणूस दिसला नाही, फाटक बंद असताना खालून वाकून सायकल काढणारा दिसला नाही. गाड्या वेळेवर येतात, हे तर सोडूनच द्या.

याला एक खरंखुरं तांत्रिक कारण आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की थोडं गणित सहन करा. जगभर घरगुती रेल्वेच्या छंदात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. म्हणजे खऱ्याच्या 87वा भाग. युरोप-अमेरिकेतल्या नेहमीच्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. त्याला 87 नं भागा: साडेसोळा. म्हणून जगभरच्या दुकानांत एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचाच मिळतो. आपलं ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरचं. त्याला 87 नं भागलं की सव्वाएकोणीस येतात, आणि सव्वाएकोणीस मिलिमीटरचा तयार रूळ बाजारात मिळत नाही. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या हौशी माणसाला डेक्कन क्वीन करायची असेल तर दोनच वाटा. एक तर रूळ, सांधे, चाकं सगळं स्वतः हातानं घडवा. नाहीतर डेक्कन क्वीनचे डबे साडेसोळावर बसवा आणि गाडी जरा अरुंद पायांवर उभी आहे हे कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा करा. बहुतेक जण दुसरी वाट धरतात. उरलेले सरळ युरोप विकत घेतात, कारण तो डब्यात तयार मिळतो. घरं, झाडं, दिव्याचे खांब, बाकावर वर्तमानपत्र वाचणारा माणूससुद्धा.

तेव्हा ‘इथलं का नाही केलं’ असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, असं मला बरेच दिवस वाटायचं. छंदाच्या बाजारात भारत बसतच नाही; त्याला कोण काय करणार?

पण मग नॅरोगेजचं काय?

हेच गणित बार्शी लाईट रेल्वेला लावून बघा. तिचे रूळ अडीच फुटांवर, म्हणजे 762 मिलिमीटर. भागिले 87, पावणेनऊच्या जरासं वर. आणि 9 मिलिमीटरचा रूळ? तो कुठल्याही देशात सहज मिळतो, कारण एन नावाच्या आणखी लहान मापासाठी तो लाखोंनी तयार होतो. ऑस्ट्रियात 760 मिलिमीटरच्या डोंगरी गाड्या आहेत, बार्शीपेक्षा फक्त दोन मिलिमीटरनं अरुंद. त्यांची एचओ मॉडेलं याच 9 मिलिमीटरच्या रुळावर धावतात, त्यांची यंत्रं आणि चाकं तयार मिळतात. वरचा सांगाडा तेवढा आपण करायचा. पुठ्ठा, पितळी पत्रा, हल्ली थ्रीडी प्रिंटर. म्हणजे महाराष्ट्रातली जी रेल्वे मापात तंतोतंत बसते ती मोठी नाहीच. जिला आपण ‘छोटी गाडी’ म्हणत आलो तीच आहे. आणि तिचंच मॉडेल विकत मिळत नाही, कुठल्या मोठ्या मांडणीत मला दिसलेलं नाही.

बार्शीची गोष्ट जरा थांबून सांगावी अशी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरला एक कल्पना सुचली होती. रूळ हलके ठेवायचे तर इंजीन हलकं हवं, असं लोक मानत. त्यानं उलट बाजूनं विचार केला: इंजीन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग आस वाढवा, डबे लांब करा, पण भार सगळीकडं सारखा वाटा. असं केलं की स्वस्त, हलक्या रुळांवरून भरपूर माल ओढता येतो. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कापूस, भुसार, आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी. शंभराहून जास्त वर्षं ती चालली आणि 2000 नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली.

तोच कॅलथ्रॉप बार्शीवर हात बसल्यावर मायदेशी गेला आणि इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची रेल्वे त्याच अडीच फुटांवर, त्याच विचारानं बांधली. 1904 मध्ये ती सुरू झाली. तिची इंजिनं हिंदुस्थानी दिसायची, उन्हाळ्याच्या देशासाठी असतं तसं छप्पर घेऊन इंग्लंडच्या रिमझिमीत फिरायची. ती तेरा किलोमीटरच होती आणि 1934 मध्ये बंद पडली. तीस वर्षांचं आयुष्य. पण आज तिकडच्या हौशी लोकांना विचारा: मॅनिफोल्डची इंजिनं, तिची दरी, तिचे पूल लोक अजून घरोघरी करतात. बार्शीच्या धाकट्या बहिणीला टेबलावर मानाची जागा आहे. थोरली बहीण, जिनं शंभर वर्षं चार जिल्ह्यांचा कापूस आणि विठोबाची माणसं वाहिली, तिच्यासाठी एक प्लायवुडचा तक्ता मिळालेला मला माहीत नाही.

मला हे निव्वळ छंदाचं अपयश वाटत नाही. कुठली गाडी स्वप्नात यायला लायक आणि कुठली नाही, याबद्दलची आपली एक सवय त्यात दिसते. जर्मनीतली लटकती रेल्वे बघायला आपण तिकीट काढतो. कुर्डुवाडी म्हटलं की ‘रात्री दोन वाजता गाडी बदलावी लागायची’ एवढंच घरात कुणीतरी बोलतं, तेही वैतागून. वैताग हा सुद्धा साहित्याचा विषय असतो. मॉडेलचा मात्र होत नाही, असं दिसतंय.

इथं ‘टॉय ट्रेन’ या शब्दाकडं यायला हवं. मराठीत तो आता असा रुळलाय की नेरळ-माथेरान गाडीला दुसरं नावच उरलं नाही. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी 1956 मध्ये सुरू झाली, पुलंच्या नाटकाच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. ती खरी टॉय ट्रेन. ती मुलांसाठीच केलेली, बागेत गोल फिरते, जिथून निघते तिथंच आणून सोडते आणि ते लपवत नाही. प्राणी तिथून कात्रजला गेले, बागेचं ऊर्जा उद्यान झालं, फुलराणी अधूनमधून दुरुस्तीला जाऊन पुन्हा येत राहिली. तिच्याबद्दल मला काहीही तक्रार नाही. तिनं काही व्हायचं सोंग घेतलेलं नाही.

माथेरानची गाडी वेगळी. पीरभॉय घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी ती 1907 मध्ये पुरी केली. रूळ दोन फुटांवर, लांबी एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. इतकी वळणं की साधं इंजीन तिथं अडकून बसेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून अशी इंजिनं आणली ज्यांचे टोकाचे आस वळणावर स्वतः थोडे सरकतात. गाडी खाली उतरताना प्रत्येक डब्याचा ब्रेक हातानं लावणारी माणसं वर्षानुवर्षं होती. ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची, त्यांनी चाक फिरवायचं. त्या चार जुन्या इंजिनांपैकी एक आता इंग्लंडमधल्या हौशी मंडळींकडं आहे. डबे आणि इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी माथेरानची गाडी कुर्डुवाडीच्या कारखान्यावर विसंबून राहिली, म्हणजे बघा, बार्शी लाईट गेली तरी तिचे हात अजून कुणाच्या तरी कामी येतात.

या गाडीला ‘टॉय’ म्हटलं की काय होतं? 26 जुलै 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला, 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. मे 2016 मध्ये डबे घसरले म्हणून बंद झाला, 2018 मध्ये पूर्ण सुरू झाला. 2019 च्या पावसात पुन्हा गेला, नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर 2022 मध्ये परत आली. दर वेळी बातमीचा सूर एकच: पर्यटकांचा हिरमोड, पर्यटकांना दिलासा. पण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथं राहणाऱ्याला गॅस सिलिंडर, भाजी, आजारी म्हातारी हे सगळं घोड्यावर, हातरिक्षावर, नाहीतर अमन लॉजपासूनच्या शटलवर न्यावं लागतं. माणसानं माणसाला ओढायची ती हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावं लागलं. खेळणं बंद पडलं तर मूल रडतं आणि तासाभरानं विसरतं. वाहतूक बंद पडली तर कुणाच्या तरी खांद्यावर ओझं येतं. शब्द चुकला की बातमीतला माणूस बदलतो.

विदर्भातल्या शकुंतलेला कुणी टॉय म्हटलं नाही, कारण तिथं पर्यटक नव्हते. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर. किलिक निक्सन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकलेले अडीच फुटी रूळ. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजीन तिनं 1994 पर्यंत वापरलं. कमी पैशांत जाता येतं म्हणून खेड्यांतली माणसं तिच्यात बसत, आणि आता ती बंद असताना ‘शकुंतला वाचवा’ म्हणून लोक मोर्चे काढतात. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथल्या बागेत मुलांसाठी छोटी गाडी आहे. संग्रहालयाच्या बाहेर मात्र नागपूर-छिंदवाडा मार्ग 2015 मध्ये आणि नागपूर-नागभीड 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. नागभीडच्या माणसाला वेग हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. माझ्या फोटोसाठी त्यानं ताशी तीस किलोमीटरनं का जावं? वेल्समध्ये 1951 साली टॅलिलिन नावाची मोडकळीला आलेली छोटी रेल्वे हौशी लोकांनी हातात घेतली आणि स्वतः खडी उपसून, तिकिटं फाडून चालवली. स्वयंसेवकांनी रेल्वे वाचवल्याचं ते जगातलं पहिलं उदाहरण. आपल्याकडं छंद कॅमेऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो, कारण रूळ सरकारी, हद्दीत पाऊल टाकणं गुन्हा. तेव्हा निदान टेबलावर तरी काय ठेवायचं, हे महत्त्वाचं होतं.

मी हे रिहे गावात बसून लिहितेय, त्याचा इथं संबंध आहे. रिहे मुळशी तालुक्यात. हिंजवडीच्या मागं, घोटवड्याकडून आत. या तालुक्यात प्रवासी रेल्वेचं स्टेशन नाही. माणला मेट्रोचे खांब आले, तेवढंच. आमच्या खोऱ्यातल्या पोरांना ‘रेल्वे दाखवायची’ म्हणजे पिंपरी-चिंचवडकडं जाऊन फलाटावर उभं करायचं, नाहीतर कोथरूडला म्युझियममध्ये न्यायचं. शाळेच्या सहली तिथंच जातात. म्हणजे इथल्या कितीतरी मुलांनी खरी गाडी बघायच्या आधी ती युरोपातली गाडी बघितलेली असते.

आणि गंमत अशी की मुळशीत एक रेल्वे येऊन गेलेली आहे. टाटा कंपनीनं मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा कामगार आणि सामान नेण्यासाठी रूळ टाकले होते. पाणी अडवून, डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याला सोडून वीज करायची, ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पन्नासएक गावं बुडणार होती. 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट ही नावं तुम्ही शाळेत एका ओळीत वाचली असतील. शेवटी लढा विझत आला तेव्हा, डिसेंबर 1924 मध्ये, बापट मोजक्या साथीदारांसह हत्यारं घेऊन रुळावर गेले, दगड रचून कंपनीची गाडी अडवली. पळाले नाहीत; स्वतःहून पोलिसांच्या ताब्यात गेले, सात वर्षांची शिक्षा भोगली. त्याला ‘रेल्वे सत्याग्रह’ म्हणतात. हत्यारं घेऊन केलेल्या गोष्टीला सत्याग्रह म्हणावं का, यावर तेव्हाही वाद होता आणि माझं मत विचाराल तर म्हणू नये. पण ती घटना या तालुक्याच्या रेल्वेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आहे, आणि ती गाडी थांबण्याची आहे.

कोथरूडच्या खेळात गाडी थांबते ती दुसरीला वाट देण्यासाठी. तिथली माणसं, 87व्या भागातली, साधारण दोन सेंटिमीटरची, फलाटावर उभी असतात, बाकावर बसलेली असतात, सगळी वाट बघणारी. जगभरच्या मांडण्यांत असंच असतं, हॅम्बुर्गच्या 2001 मध्ये सुरू झालेल्या अवाढव्य मिनिएचर वंडरलँडनं पुष्कळ खट्याळ प्रसंग रचलेत तरी मूळ करार तोच: गाड्या धावत राहिल्या पाहिजेत. छंदाचा आनंद त्यातच आहे हे मला कळतं. दिवसभर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला, घरी आल्यावर, सगळं वेळेवर आणि आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर चालणारं एक जग हवं असतं. मलाही हवं असतं. रात्रीच्या खिडक्या उजळतात तेव्हा मलाही त्या शहरात खोली भाड्यानं घ्यावीशी वाटते.

तरीही समीक्षक म्हणून मला त्या करारावर बोट ठेवावंसं वाटतं. रेल्वेचं मॉडेल आपोआप रेल्वेच्या मालकाच्या जागेवरून बघतं. तुम्ही वरून पाहता, नियंत्रण तुमच्या हातात, आणि रूळ टाकायच्या आधी त्या जागेवर काय होतं हा प्रश्न येतच नाही, कारण आधी तिथं प्लायवुड होतं. खऱ्या छोट्या रेल्वेबाबत हा प्रश्न सुटत नाही. त्या छोट्या होत्या त्याची कारणं पैशांची होती: कापूस स्वस्तात न्यायचा, डोंगरावर श्रीमंतांना चढवायचं, धरणाचं सामान पोचवायचं. अरुंद रूळ म्हणजे कमी जमीन, कमी खडी, तीव्र वळणं, कमी खर्च. गोंडस दिसणं हे नंतरचं, आपण पाहणाऱ्यांनी लावलेलं. कॅलथ्रॉपला कुणी ‘सो क्यूट’ म्हटलं असतं तर त्यानं आसभाराचं कोष्टक पुढं केलं असतं.

भाऊ जोशींच्या पिढीला जे हवं होतं ते त्यांनी पूर्ण केलं. साहित्य परदेशातून आणणं कठीण, माहिती मिळणं कठीण, जागा नाही, आणि तरी इतकं देखणं शहर उभं केलं. त्यांच्याकडं बार्शी मागणं अन्यायाचं होईल. मागणी आपल्या पिढीकडं आहे. ज्यांच्या खिशात कॅमेरा आणि नकाशा दोन्ही आहेत, जे हिंजवडीच्या कुठल्याशा लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर वापरतात, जे यूट्यूबवर सोल्डरिंग शिकतात, त्यांनी काय करायचं ठरवलंय? आत्ता तरी दिसतात ती प्रामुख्यानं नव्या चकचकीत गाड्यांची मॉडेलं. देखणी असतात, पण त्यांच्याभोवती गाव नसतं.

सुरुवात कुर्डुवाडीपासून करता येईल. दोन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी, एकीकडून मद्रास मेल, दुसरीकडून पंढरपूरची गाडी, मधे माल या डब्यातून त्या डब्यात टाकणारे हमाल. एकाच तक्त्यावर दोन मापं मांडायची, तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि म्हणूनच हौशी माणसाला मोह पाडणारं काम. ब्रॉडगेजच्या बाजूला रूळ हातानं घडवावा लागेल, तर घडवावा. वारकरी दुकानात मिळणार नाहीत. दोन सेंटिमीटरचा वारकरी, खांद्यावर पताका, शंभर वेगवेगळे, हे कुणीतरी मातीत किंवा रेझिनमध्ये करायला हवेत, आणि शंभरातला एकही दुसऱ्यासारखा दिसता कामा नये.

मुळशीचं मॉडेल त्याहून अवघड, कारण आधी शोधाशोध आहे: इंजिनाचा फोटो, मार्गाचा नकाशा, त्या काळची गावं. पण जागा फार लागणार नाही. 87व्या भागात दीडशे मीटरचा तुकडा पावणेदोन मीटरमध्ये मावतो, म्हणजे शाळेतल्या दोन बाकांवर. एक वळण, थोडी करवंदाची जाळी, भाताची खाचरं. रुळावर रचलेले दगड, खरे फूटभर असतील तर इथं साडेतीन मिलिमीटरचे. रिहे खोऱ्यातल्या ओढ्यातली वाळू चाळली की त्या मापाचे खडे मिळतात, मी चाळून पाहिलेत. बापट आणि सोबतची माणसं. समोरून गाडी. ती कुठल्या विभागात थांबवायची, खड्यांच्या अलीकडं किती सेंटिमीटर, आणि थांबल्यावर निवेदकानं बोलायचं की गप्प राहायचं, हे ठरवायला मात्र भाऊ जोशींच्या तालमीतला कुणीतरी सोबत लागेल.